ताई, पोट आत घेऊ नका

जिममध्ये सुरुवातीला मिळालेलं सूत्र सोपं होतं: बसताना श्वास आत, उठताना बाहेर. २० किलोचा रिकामा बार खांद्यावर घेऊन स्क्वॉट, म्हणजे उठाबशा, करताना ते छान चालायचं. बारला प्लेट्स चढू लागल्या तशी मी उठताना पुढे झुकायला लागले आणि घरी आल्यावर कंबर धरायला लागली. वय झालं म्हणायचं, दुसरं काय! चाळिशी ओलांडलेल्या बाईला कंबरदुखीचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

मग स्वतः पॉवरलिफ्टिंग करणारी एक मुलगी ट्रेनर म्हणून आली. माझा एक सेट तिने बाजूला उभं राहून पाहिला आणि विचारलं, "ताई, उठताना पोटात हवा असते का तुमच्या?" उत्तराची वाट न बघता तिने बार रॅकवर ठेवायला लावला आणि मला मॅटवर उताणं झोपवलं.

तळपाय भिंतीला, गुडघे काटकोनात, एक हात छातीवर, दुसरा पोटावर. श्वास नाकाने घ्यायचा आणि छातीवरचा हात हलू द्यायचा नाही. माझा नेमका तोच हात वर-खाली होत होता, पोटावरचा ढिम्म. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून लग्नाच्या फोटोंपर्यंत "पोट आत घे" ऐकत आलेल्या बाईला पोट सैल सोडणं हाच मोठा व्यायाम असतो. ते जमायला बार उचलण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

पोट फुगायला लागलं, तर ते फक्त पुढेच फुगे. तेव्हा तिने सांगितलं, बरगड्यांच्या खाली, कंबरेच्या दोन्ही बाजूंना बोटं रोवा आणि खोका. खोकल्यावर बोटांखाली जे टणक होतं ते मुद्दाम, न खोकता करायचं; पाठीमागूनही कंबर मॅटवर दाबली गेली पाहिजे. याला ही मंडळी ब्रेसिंग म्हणतात. वरून श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला स्नायूचा पडदा, खाली येतं, तळाशी ओटीपोटाचे स्नायू, भोवती पोटाचे आणि पाठीचे. सगळीकडून आवळलं की पोटातला दाब वाढतो आणि मणक्याला पुढून आधार मिळतो. ठासून भरलेलं गव्हाचं पोतं उभं राहतं, अर्धं रिकामं मधेच वाकतं, तसंच हे. मी उठताना निम्म्यातच श्वास सोडत होते, म्हणजे ऐन जोर लागायच्या वेळी पोतं रिकामं.

आता क्रम असा: उभ्यानेच पोटात पाऊण श्वास भरायचा, खांदे न उचलता. चहूबाजूंनी आवळायचं. तसंच खाली बसायचं, उठताना सगळ्यात अवघड टप्पा पार झाला की ओठांतून "स्स्स" करत सोडायचं. पुढच्या वेळी पुन्हा नवा श्वास. असा दम कोंडून जोर लावण्याला वाल्साल्वा म्हणतात. अंतोनिओ मारिया वाल्साल्वा (१६६६–१७२३) हा इटालियन शरीरशास्त्रज्ञ खरं तर कानाचा अभ्यासक. घाटात कानाला दडे बसले की नाक दाबून आपण जे करतो, तेही त्याच्याच नावावर आहे.

ही युक्ती सरसकट सगळ्यांसाठी नाही. १९८५ साली कॅनडातल्या संशोधकांनी पाच बॉडीबिल्डर्सच्या दंडाच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजला. पायांनी जड वजन ढकलताना (लेगप्रेस) तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. अर्थात क्षणभरच. पण आमच्या बॅचमध्ये बीपीच्या गोळ्या घेणारे एक काका आहेत, त्यांना आमची ट्रेनर दम कोंडायला देत नाही. वजन हलकं ठेवायचं आणि जोर लावताना श्वास सोडत राहायचं. जुनं सूत्र त्यांच्यासाठी योग्यच आहे. हर्निया असेल, काचबिंदू असेल, नुकतं बाळंतपण झालं असेल, तर आधी डॉक्टर.

आणखी एक गोष्ट बायका कपडे बदलायच्या खोलीतच कुजबुजतात: जड वजनाला चुकार थेंब निसटणं. पोटातला दाब खालीही जातो, त्यामुळे ओटीपोटाचा तळ ढिला असेल तर हे होतं. श्वास भरताना तळ खाली न ढकलता, लघवी रोखावी तसा हलकेच वर उचलून धरल्यावर मला फरक पडला. न पडल्यास फिजिओथेरपिस्टकडे यावर रीतसर उपचार असतात. लाजून जिम सोडू नये.

जड वजनाला कंबरेवर बांधतात तो बेल्ट मागितला तेव्हा ती म्हणाली, "आधी बेल्टशिवाय पोट आवळून दाखवा." बेल्ट आपल्याला धरून ठेवत नाही, पोटाला रेटा द्यायला एक भिंत देतो. रेटा द्यायलाच येत नसेल तर तो नुसता शोभेचा चामडी पट्टा. मला आता मिळालाय, पण जड सेटपुरताच.

डेडलिफ्टचं, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहण्याचं, मात्र अजून भिजत घोंगडं आहे. बार धरायला वाकलं की माझं पोट मांड्यांत चेपतं आणि हवा मावत नाही, म्हणून मी उभ्यानेच श्वास भरून वाकते. ती म्हणते, खाली जाऊन, बार पकडून मगच भरा, नाहीतर पकड नीट बसेपर्यंत दम संपतो. तिचं तिच्यापुरतं बरोबर आहे. तिला पोट नाही.