आमची वाटचाल: पायथॉनकडून गोकडे

गोदामातील साठ्याचा हिशेब ठेवणारे आमचे सॉफ्टवेअर सुरुवातीला संपूर्ण पायथॉनमध्ये होते. ही भाषा भागीदाराने निवडली होती आणि तिच्यामुळेच मोजक्या माणसांनिशी आम्ही मोठ्या कंपन्यांच्या आधी ग्राहकापुढे उभे राहिलो. पुढची काही वर्षे सुरळीत गेली.

मग हातून गेलेल्या एका ग्राहकाकडे प्रतिस्पर्धी फर्मचे ‘नवे’ सॉफ्टवेअर पाहण्यात आले. पायथॉनचा प्रोग्राम बहुधा सोर्सच्याच, म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या मूळ कोडच्या, रूपात ग्राहकाच्या सर्व्हरवर ठेवला जातो, आणि नुसत्या पीवायसी फायली (पायथॉनने मूळ कोडचे केलेले रूपांतर) दिल्या तरी डीकंपायलर हे उलट रूपांतर करणारे साधन त्यांतून बराचसा कोड पुन्हा उभा करतो. त्या फर्मला तेवढेही कष्ट पडले नव्हते. आमचे फोल्डर उचलून त्यावर त्यांनी आपले नाव चढवले होते आणि भागीदाराने माझ्यासाठी लिहिलेली ‘हा फरक एकदा बघून घे’ ही कोडमधली टीप, म्हणजे कॉमेंटसुद्धा तिथे जशीच्या तशी होती. वकिलाच्या नोटिशीला आजतागायत उत्तर आलेले नाही. कंपाइल केलेल्या, म्हणजे यंत्राच्या भाषेत बदललेल्या, फायलीचेही उलट विश्लेषण करता येते, हे मला मान्य आहे. पण तिच्यात कॉमेंट उरत नाहीत आणि मूळ रचना हाती लागायला घाम गाळावा लागतो.

त्याच वर्षअखेरीला, साठा उणे निघाला तरच चालणाऱ्या एका ओळीवर आमचा प्रोग्राम नेमएरर, म्हणजे ‘असे नाव सापडत नाही’ अशी चूक, देऊन थांबला. व्हेरिएबलच्या, म्हणजे माहिती साठवणाऱ्या चलाच्या, नावात एका अक्षराचा फरक होता. पायथॉन आधी बाइटकोड हे कोडचे मधले रूप तयार करतो, पण तेव्हा तो फक्त व्याकरण तपासतो. नाव अस्तित्वात आहे की नाही, हे ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत त्याला कळत नाही. ग्राहक एकामागून एक करार मोडू लागले आणि फर्म बंद करण्याची भाषा सुरू झाली. आमचे सर्वांत जुने ग्राहक मात्र रात्रभर माणसे लावून साठा हाताने मोजत राहिले आणि एवढेच म्हणाले, ‘‘तुम्ही दुरुस्त करा, आम्ही थांबतो.’’

गो या कंपाइल होणाऱ्या भाषेकडे वळलो ते या दोन्ही घावांमुळे. वेग नंतर मिळाला. सीपायथॉन या पायथॉनच्या नेहमीच्या रूपाच्या चौसष्ट बिटी आवृत्तीत १ हा साधा पूर्णांकही २८ बाइट घेतो, तर गोमध्ये तो ८ बाइटांत मावतो, त्यामुळे ग्राहकांच्या जुन्या यंत्रांवरही मोठ्या याद्या सहज मावू लागल्या. अनोळखी नाव तर सोडाच, फंक्शनमध्ये जाहीर करून न वापरलेले व्हेरिएबलही गोचा कंपाइलर खपवून घेत नाही. शिवाय २०१२ मधील गो १ या आवृत्तीसोबत सुसंगततेचे, म्हणजे जुना कोड पुढच्या आवृत्त्यांतही चालेल असे, आश्वासन मिळाले होते. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला तेव्हा इतरांची झालेली धावपळ आम्ही लांबूनच पाहिली.

नव्या उद्योजकांनी विचारले नसले तरी सांगतो: कोड ग्राहकाच्या यंत्रावर जाणार असेल, तर भाषा निवडताना केवळ प्रोग्रामरची सोय पाहू नये, आणि पायथॉनच हवे असेल, तर टाइप हिंट (कुठे कोणत्या प्रकारची माहिती येईल याच्या खुणा) लिहून मायपाय या कोड न चालवता चुका शोधणाऱ्या साधनाची तपासणी सक्तीची करावी. आमचे विश्लेषणाचे अहवाल अजूनही पायथॉनमध्येच तयार होतात, कारण तिथली जड आकडेमोड नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीच्या, सी भाषेतील कोडवर चालते आणि तो सर्व्हर आमच्याच कार्यालयात आहे.