भोपळ्याला भोपळा मिनिटं

परीक्षेत शून्य मिळालं की मराठी घरात भोपळा मिळाला म्हणतात. हे पहिल्यांदा म्हणणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल की पुढे शिट्टी नसलेला एक इलेक्ट्रिक प्रेशर कुकर येईल आणि त्यावर भोपळ्याच्या फोडी शिजवायची योग्य वेळ खरोखरच ‘०’ अशी लावावी लागेल. पण ते शून्य नंतर. आधी भोपळा घरी यायला हवा आणि बडोद्यात गंमत तिथूनच सुरू होते.

खंडेराव मार्केटात भाजीवालीकडे ‘कोहळा’ मागितला तर ती लाल भोपळ्याची फोड तोलून हातात ठेवते. तिच्या गुजरातीत लाल भोपळा म्हणजे कोळुं. मराठीतला कोहळा, म्हणजे पेठ्याचा, तिच्या लेखी भूरुं कोळुं. पुण्याकडून नव्याने आलेला माणूस इथे हमखास फसतो. दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांनी यावर केव्हाच तोडगा काढलाय: गाडीपाशी कोळुं, ओट्यापाशी भोपळा. दुधीच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचं एकमत आहे, नशीब.

फोड घेताना रंगाकडे सगळेच बघतात, गर गडद केशरी हवाच. पण त्याहून जास्त सांगतात त्या बिया. टपोऱ्या, भरलेल्या बिया म्हणजे फळ वेलावर पुरतं पिकलेलं. चपट्या आणि पोकळ बिया म्हणजे कोवळं तोडलेलं. ते शिजवलं की पाणी होतं आणि चव काकडीची लागते. सालीत नख रुतता कामा नये. अख्खा घेतला तर देठ वाळून बुचासारखा झालेला असावा. असा भोपळा कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिने आरामात टिकतो. इंग्रजीत या वर्गाच्या भोपळ्यांना हिवाळी म्हणतात तेही याचसाठी, थंडीत उगवतात म्हणून नव्हे, तर जाड सालीमुळे थंडी संपेपर्यंत पुरतात म्हणून. चिरलेल्या फोडीचं आयुष्य मात्र चार दिवसांचं. ती सडते ती मधल्या भुसभुशीत तंतूंपासून, तेव्हा घरी आल्या आल्या चमच्याने बिया आणि तंतू खरवडून टाकायचे आणि मगच फ्रीजमध्ये ठेवायची.

आणि एक कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघायचा. कडू लागला तर थुंकायचा आणि सगळी फोड केरात. तो कडवटपणा शिजवून जात नाही, गूळ घालून तर मुळीच नाही, आणि पोटाला तो खरोखर वाईट.

आता कुकर. शिट्टीच्या कुकरने आपल्याला वेळ मोजायचं एक स्वतंत्र माप दिलं. डाळ चार शिट्ट्या, बटाटे तीन, भोपळा एक, आणि ती एक झाली की धावत जाऊन गॅस बंद. इलेक्ट्रिक कुकर हे मापच काढून घेतो. तो गप्प असतो. झाकणावरची छोटी पिन वर आली, वाफ कोंडली गेली, की मगच त्याचा आकडा उलटा मोजायला लागतो. दाबही जरा कमी असतो: शिट्टीच्या कुकरात आतलं तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं, यात ११५ ते ११८. डाळीला हा फरक चांगलाच जाणवतो. भोपळ्याला जाणवतो तो वेगळाच फरक, आणि नवीन माणूस आपटतो तो तिथेच.

पडद्यावर दिसणाऱ्या मिनिटांत तापायचा वेळ धरलेला नसतो. सहा लिटरच्या भांड्यात एक कप पाणी आणि अर्धा किलो भोपळा असला तर दाब यायला आठ-दहा मिनिटं लागतात. ही आठ-दहा मिनिटं भोपळा काही शांत बसलेला नसतो. वाफेत शिजतच असतो. पिन वर येते तेव्हा इंचभराच्या फोडी जवळजवळ झालेल्या असतात. त्यावर ‘फक्त पाच मिनिटं’ लावली, आणि वर वाफ आपोआप उतरायची वाट बघितली, की झाकण उघडल्यावर स्टँडवर साली दिसतात आणि भोपळा खालच्या पाण्यात.

म्हणून ते शून्य. वेळ ० लावली की कुकर दाब येईपर्यंत तापतो आणि दाब आला की लगेच थांबतो. तेव्हा पळीच्या दांड्याने वाफेचा नॉब फिरवायचा, हाताने नाही. फोडी शिजलेल्या आणि तरी कडा शाबूत. ज्या यंत्रात शून्य लावता येत नाही तिथे एक मिनिट, पण मग फोडी दीड इंचाच्या करायच्या. नॉब एकदम पूर्ण उघडू नये, थोडा-थोडा फिरवावा. आत ११७ अंशांवर असलेल्या फोडीतलं पाणी, दाब अचानक गेला की जागच्या जागी उकळून उठतं आणि फोडीला आतून फोडतं. विळ्या-भोपळ्याचं सख्य सगळ्यांना माहीत असतं. वाफेचं आणि भोपळ्याचं त्याहून फार बरं नाही.

मोठे तुकडे, म्हणजे तळहाताएवढे, सालीसकट, सहा-सात मिनिटं. किलोभराचा अर्धा करून ठेवलेला भोपळा आठ मिनिटं. अख्खा, सव्वा किलोपर्यंतचा, चार ठिकाणी सुरीने टोचून, चौदा-पंधरा मिनिटं आणि वर दहा मिनिटं वाफ आपली आपण उतरू द्यायची. भांड्यातल्या वरच्या खुणेच्या पुढे भोपळा जाता कामा नये, नाहीतर वाफेच्या वाटेत गराचा बोळा बसतो. अख्खा चिरायचा आहे पण साल दगडासारखी आहे, अशा वेळी पूर्ण शिजवायचा नाहीच. तीन मिनिटं दाब देऊन बाहेर काढायचा, गार होऊ द्यायचा, मग तो लोण्यासारखा नाही तरी निदान बटाट्यासारखा कापला जातो. विळीवर कच्च्या भोपळ्याशी कुस्ती करताना मनगट सटकतं ते यात वाचतं.

पण खरी गोष्ट पाण्याची आहे. भोपळा स्वतःच बव्हंशी पाणी. त्याला शिजायला बाहेरून थेंबही लागत नाही. कढईत झाकण ठेवलं तर तो आपल्याच पाण्यात शिजतो. कुकरला मात्र पाणी हवंच, कारण पाण्याची वाफ नाही तर दाब कुठला? पाणी कुकरला हवं, भोपळ्याला नको, आणि भोपळा पाण्यात टाकला की हा झगडा आपण भोपळ्याच्या अंगावर सोडवतो. खाली एक कप पाणी, त्यावर स्टँड, स्टँडवर भोपळा, साल खाली आणि गर वर. बस. तीन लिटरच्या छोट्या कुकरला कपापेक्षा थोडं कमी चालतं, आठ लिटरला दीड ते दोन कप. भोपळा जास्त आहे म्हणून पाणी वाढवायचं नसतं. पाणी कुकरच्या आकारावर ठरतं.

साल आधी काढायचीही नाही. शिजल्यावर ती चमच्याने अलगद सुटते, आणि शिजेपर्यंत गराला धरून ठेवते. (साल फेकणाऱ्यांशी वाद आहे, पण तो चटणीच्या दिवशी. कच्ची साल बारीक चिरून तीळ-खोबऱ्यावर परतली की काय होते हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको.)

हा कोरडा, वाफेवरचा गर कशासाठी, तर घारग्यांसाठी. इथे या यंत्राचं कौतुक अगदी हात न राखता करावं. जुनी पद्धत म्हणजे भोपळा किसायचा, कढईत गुळाबरोबर घालायचा आणि वीस मिनिटं ढवळत उभं राहायचं, कारण किसाला सुटलेलं पाणी आटलं नाही तर सगळं बिघडतं. गर पातळ राहिला की तो जास्त कणीक खातो, जास्त कणीक घातली की घारगा भोपळ्याचा राहत नाही, गोड पुरी होते, तीही चिवट. कुकरमधून काढलेला गर चाळणीवर दहा-पंधरा मिनिटं निथळत ठेवायचा. खाली दोन-चार चमचे पिवळं पाणी जमतं, ते आमटीत. मग कुकरमधलं पाणी ओतून भांडं पुसायचं, झाकण न लावता परतण्याच्या सेटिंगवर एक वाटी गर आणि पाऊण वाटी चिरलेला गूळ घालायचा, चार-पाच मिनिटं, उलथनं तळातून फिरवलं की क्षणभर रेघ उमटेपर्यंत. एवढंच. कोमट झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ, दोन चमचे तांदळाची पिठी, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन, आणि कणीक मावेल तेवढी, साधारण दोन वाट्या. पाण्याचा हातसुद्धा लावायचा नाही. गोळा झाकून तासभर विसरला तर गूळ पाझरतो आणि पीठ सैल होतं, मग पुन्हा कणीक, मग पुन्हा तेच. तेव्हा पंधरा मिनिटांत थापायला घ्यायचं. पुरीपेक्षा जाड थापायचे, वर खसखस, आणि आच मध्यम. मोठ्या आचेवर गूळ आधी काळा होतो आणि पोटात कच्चं राहतं.

भरितालाही हाच गर, पण तो मोडायचा काट्याने, मिक्सरने नव्हे. पूर्ण गार झाल्याशिवाय दही घालू नये, नाहीतर वाटीभर पाणी वर तरंगतं. पाव किलो गराला एक वाटी घट्ट दही, दोन चमचे दाण्याचा कूट, किंचित साखर, वरून तुपाची जिरं-हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी. तूप इथे चवीपुरतं नाही. भोपळ्यातला केशरी रंग ज्या द्रव्याचा, ते अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतोच.

भाजीचं मात्र स्पष्ट सांगायला हवं: मेथीदाण्याच्या फोडणीची, सालीसकटची, अंगाबरोबर रस असलेली भोपळ्याची भाजी कढईतच करावी, झाकणावर पाणी ठेवून, बारा मिनिटांत. त्यासाठी एवढं मोठं यंत्र लावणं म्हणजे मुंगी मारायला रणगाडा. तरी करायचीच असेल, कुणाला आच आणि कढई दोन्ही नको असतील, तर निदान ‘बर्न’ अशी पाटी का झळकते ते समजून घ्यावं. तळाशी सेन्सर असतो. फोडणीतली करपलेली मोहरी, हळद, चिकटलेला गर किंवा गूळ यांचा थर तळाला बसला की तिथलं तापमान भलतंच चढतं आणि कुकर भिऊन बंद पडतो. फोडणी झाली की कुकर बंद करायचा, पाव कप पाणी घालून लाकडी उलथन्याने तळ खरवडून स्वच्छ करायचा, आणखी अर्धा-पाऊण कप पाणी, मग मोठ्या फोडी, शून्य मिनिटं. गूळ दाब उतरल्यावर. चिंच किंवा आमसूल आधी घातलं तर बिघडत नाही, उलट फायदाच: आंबटामुळे फोडी लवकर विरघळत नाहीत. गुजराती पद्धतीच्या आंबटगोड कोळुंच्या शाकात, म्हणजे भाजीत, फोडी उभ्या दिसतात त्यात या आंबटाचा वाटा आहे.

आणि डाळीबरोबर एकाच दाबात? होतं, पण हिशेब पक्का हवा. भिजवलेल्या तुरीच्या डाळीला दहा मिनिटं, भोपळ्याच्या मोठ्या तुकड्यांना सहा-सात. मधली तीन-चार मिनिटं कुठेतरी जिरवावी लागतात. डाळ खालच्या डब्यात, वर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बिनपाण्याचे तळहाताएवढे तुकडे. स्टीलच्या झाकणामुळे वाफ उशिरा पोचते. तरी गर मऊच निघतो, म्हणजे त्या दिवशी घारगे किंवा खीर, भाजी नाही. शिट्टीच्या कुकरचे जुने डबे यात मावतील असं गृहीत धरू नये, आधी मोजून बघावेत.

उत्तरायणाच्या दिवशी, १४ जानेवारीला, सगळं बडोदं पतंग उडवायला गच्चीवर असतं, आणि ‘काप्यो छे’च्या गलक्यात एरवीही कुणाची शिट्टी कुणाला ऐकू आली नसती. तेव्हा हा मुका कुकर बरा; खाली कुणी नसलं तरी तो वेळेवर थांबतो. पण थांबला म्हणजे गार झाला असं नाही. तो आपोआप ऊबेवर जातो आणि पडद्यावर आता सुलट आकडे चढायला लागतात, शिजून किती वेळ झाला त्याचे. तिथे ४५ दिसले तर फोडींची आशा सोडून द्यावी. निघतानाच ऊब बंद करून जायचं.

राहिली झाकणातली रिंग. वाफ कडेने फुसफुसत राहिली, पिन वर येतच नाही, आतलं पाणी मात्र आटतंय, तर दहांत नऊ वेळा रिंग एका बाजूला उचकलेली असते. बोटाने गोल फिरवून दाबून बसवायची. सिलिकॉनची असल्यामुळे ती वास धरून ठेवते. कालच्या हिंग-मेथीची आठवण तिला आजच्या भोपळ्याच्या खिरीत होते, आणि वेलची कितीही घातली तरी ती जात नाही. दोन रिंगा ठेवाव्यात, एक तिखटाची, एक गोडाची. आणि धुतल्यावर झाकण लावून न ठेवता उलटं ठेवावं, रिंग खिडकीत. बडोद्याचं ऊन एवढ्या कामाला वर्षातले आठ महिने फुकट मिळतं.