स्किबरीनच्या इतिहास मंडळाची वार्षिक सभा

आयर्लंडच्या वेस्ट कॉर्कमधलं स्किबरीन हे आयलन नदीकाठचं बाजाराचं गाव. आजही दर शनिवारी इथे शेतकऱ्यांचा बाजार भरतो. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा शेजारच्या बाईंनी मला इतिहास मंडळाच्या वार्षिक सभेला नेलं, आणि तेव्हापासून मी मंडळाचीच झाले.

इतिवृत्त, जमाखर्च, नवी कार्यकारिणी, सूचक-अनुमोदक हे सगळं झटपट उरकतं. मग व्याख्यान. कधी ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढलेला आयरिश क्रांतिकारक ओडोनोव्हन रोसा आणि त्याने १८५६ मध्ये इथेच काढलेली फिनिक्स सोसायटी ही राष्ट्रवादी संघटना, कधी थेट रशियाच्या झारवर नजर ठेवून असल्याचं बजावणारं आमचं ‘स्किबरीन ईगल’ हे वर्तमानपत्र. वक्ते अभ्यासू असतात, ऐकायला आवडतं.

पण माझा जीव अडकलेला असतो तो व्याख्यानानंतरच्या वेळात. अध्यक्षबाई विचारतात, ‘कुणाला काही सांगायचंय?’ आणि कुणीतरी म्हातारं माणूस उठतं. एका वर्षी विषय होता १८४५ नंतरचा मोठा दुष्काळ. बटाट्याचं पीक कुजलं. बाजारात धान्य होतं, पण ते घ्यायला गोरगरिबांच्या हातात पैसा नव्हता. गावाजवळच्या ॲबीस्ट्रूरीच्या दफनभूमीत आठ ते दहा हजार माणसं सामुदायिक खड्ड्यांत पुरली आहेत. हे आकडे पडद्यावर येऊन गेले होते. मग एक निवृत्त शेतकरी उठले. टोपी दोन्ही हातांत घट्ट धरलेली. त्यांच्या वाडीत तेव्हा कोणकोणती घरं होती ती एकेक आडनाव घेऊन सांगू लागले. प्रत्येक आडनावानंतर जागा: ओढ्याच्या अलीकडे, चुन्याच्या भट्टीमागे, आता आमची वासरं बांधतो तिथे. एका घराच्या चुलीचा दगड अजून आहे म्हणाले, नांगर तिथे आला की आम्ही वळवून घेतो. एवढं बोलून खाली बसले. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. असं बोलणं कुठल्या ग्रंथात मिळायचं?

त्याच सभेत मीही पहिल्यांदा बोलले. १८४६ मध्ये कलकत्त्यात आयर्लंडच्या दुष्काळासाठी निधी उभा राहिला होता, चौदा हजार पौंडांच्या आसपास जमले होते, आणि देणाऱ्यांत फौजेतले साधे शिपाईसुद्धा होते. चहाच्या वेळी ते शेतकरी मुद्दाम माझ्याकडे आले आणि हात हातात घेऊन कितीतरी वेळ उभे राहिले.

म्हणूनच मागच्या रिकाम्या खुर्च्या मला बोचतात. २०१६ मध्ये आमच्याकडचे ओडोनोव्हन बंधू रिओ ऑलिंपिकहून नौकानयनाचं रौप्यपदक घेऊन आले तेव्हा अख्खा गाव रस्त्यावर होता, आणि असायलाच हवा होता. मग वर्षातून एका संध्याकाळी दोन तास काढायला काय हरकत आहे? ‘नक्की येतो’ म्हणणारी तरुण मंडळी सभेच्या दिवशी दिसत नाहीत, आणि बोलणारी म्हातारी माणसं दरवर्षी कमी होतात.

जे राबतात त्यांचे आभार मात्र मानायलाच हवेत. दुपारपासून हॉल तापवून ठेवणारे किल्लीवाले काका. खुर्च्या लावणारे आणि, महत्त्वाचं म्हणजे, परत रचून ठेवणारे दोघे भाऊ. सोडा ब्रेड आणणाऱ्या तिघी जणी, घरचं लोणी देणाऱ्या चौथ्या. प्रोजेक्टर चालवणारा ग्रंथालयातला मुलगा. दुकानाच्या काचेवर आमचं पत्रक लावू देणारे खाटीक आणि औषधवाले. दूरच्या वाड्यांवरून वयस्कर मंडळींना गाडीतून आणणारे पोस्टातले निवृत्त गृहस्थ. ते नसते तर चुलीच्या दगडाची गोष्ट आम्हाला कळलीच नसती. कपबश्या विसळणाऱ्या शाळकरी मुली. हिशेब तपासणाऱ्या बाई, त्यांचं नाव इतिवृत्तात दरवेळी राहून जातं. आणि दाराशी उभं राहून प्रत्येकाचा ओला कोट घेणारे आजोबा. यंदा ते आजारी होते, तरी कोट टांगायचे हँगर त्यांनी नातवाच्या हाती पाठवून दिले होते.