हौस सोळा अँपिअरची

आमच्या स्वयंपाकघराच्या दारात काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आहे, बिल्डरनेच दिलेली, चार बोटं रुंद. झाडूवाला रोबोट हॉलभर हिंडतो, सोफ्याखाली घुसतो, खुर्च्यांच्या पायांना ढुशा देतो आणि मोठ्या ऐटीत त्या पट्टीपर्यंत येऊन थबकतो. जरा मागे सरकतो, डावीकडून बघतो, उजवीकडून बघतो आणि निघून जातो. पहिल्या दिवशी आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, लेक आणि आई, सोफ्यावर पाय वर घेऊन हे बघत बसलो होतो (पाय वर का घेतले होते कुणास ठाऊक, चावणार थोडाच होता). तिसऱ्यांदा तो परत फिरला तेव्हा आई म्हणाली, "शहाणं आहे रे. बिनआंघोळीचं म्हणून आत येत नाही."

खरं कारण असं की या यंत्राच्या पोटाखाली इन्फ्रारेडचे छोटे सेन्सर असतात, ते खाली किरण सोडतात, जमिनीवरून परत आले म्हणजे जमीन आहे, नाही आले म्हणजे पुढे जिना किंवा खड्डा, थांबा. काळा ग्रॅनाइट तो किरण गिळून टाकतो त्यामुळे बिचाऱ्याला वाटतं आपण कड्यावर उभे आहोत. हे शोधून काढायला मला दोन रात्री लागल्या आणि त्या दोन रात्री मला जो आनंद झाला ना, तो हॉल स्वच्छ झाल्याचा अजिबात नव्हता. हॉल काय, मावशी रोज झाडायच्याच.

म्हणजे हे कबूल करायला हवं. मला नवीन वस्तूची हौस आहे आणि ती वस्तू वापरण्याची हौस नाही. मला आवडतं ते खोकं. कटरने टेप कापायची, झाकण वर उचलताना आत हवा शिरते तो फुस्स आवाज, आणि स्क्रीनवरचा तो पातळ प्लास्टिकचा पापुद्रा एका कोपऱ्यातून सावकाश सोलायचा, एका दमात, मध्ये तुटता कामा नये. लेकीने एकदा माझ्या आधी सोलला होता तर मी दोन दिवस नीट बोललो नाही, आता लाज वाटते पण तेव्हा खरंच लागलं होतं. मग चार्जिंग, मग ॲप, मग ओटीपी, मग ते वायफायला जोडणं. इथे हमखास अर्धा तास जातो कारण हे बल्ब आणि प्लग बहुतेक सगळे 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात आणि फोन बसलेला असतो 5 वर, दोघं एकाच घरात राहून एकमेकांना दिसत नाहीत. तर तो अर्धा तास, बायको दोनदा "जेवायला येतोस का" विचारून गेलेली, ताट गार, आणि मग एकदम बल्ब दोनदा मिचमिचतो आणि जोडला जातो! त्या क्षणासाठी मी हे सगळं करतो. त्यानंतर तो बल्ब जांभळा होतो की पिवळा, मला फारसं देणंघेणं नसतं.

हा रोग बाबांकडून आलाय. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत 1983 साली त्यांनी टीव्ही आणला, ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा, कुलूपवाला. देशात रंगीत प्रसारण 82 च्या एशियाडच्या निमित्ताने सुरू झालं होतं पण रंगीत सेट घेण्याची ऐपत कुणाची, मग बाबांनी वरती निळी, मध्ये गुलाबीसर आणि खाली हिरवी अशी प्लास्टिकची काच आणून पडद्यावर लावली. आकाश निळं आणि गवत हिरवं दिसायचं हे खरं, पण बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळही निळं आणि हनुवटी हिरवी. बाबांचा खरा जीव अडकला होता अँटेनात. सिंहगडावर 1973 पासून मुंबईचा कार्यक्रम पुढे पाठवणारं केंद्र होतं, त्यामुळे पेठेतल्या सगळ्या कौलांवरचे अँटेने एकाच दिशेला, नैऋत्येला, मान वळवून उभे असायचे. बाबा वर, मी खिडकीत, आई टीव्हीसमोर. "आलं का?" "मुंग्या येतायत!" "आता?" "गेलं सगळं!" हा संवाद रविवारची अख्खी सकाळ चालायचा, आणि चित्र स्वच्छ आलं की बाबा खाली उतरून, हात धुऊन, पेपर वाचत बसायचे. टीव्ही बघायचेच नाहीत फारसे.

त्या टीव्हीबरोबर एक स्टॅबिलायझर आला होता, लोखंडी डबा, सतत गुणगुणणारा, आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे वरून कोमट राहायचा. बाबा पाहुण्यांना त्याचा काटा दाखवायचे, व्होल्टेज किती आलं, किती गेलं. आईने पहिल्याच थंडीत त्यावर विरजणाचं पातेलं ठेवायला सुरुवात केली. पुण्याच्या डिसेंबरात दही लागत नाही ही तिची कायमची तक्रार होती, ती एका झटक्यात मिटली. बाबा म्हणाले, अगं, करंट आहे त्यात. आई म्हणाली, असू दे की, दह्याला कुठे कळतंय. पुढे टीव्ही गेला, शटर गेलं, स्टॅबिलायझर मात्र आठ वर्षं दह्यासाठी चालू होता असं म्हटलं तरी चालेल. हल्ली ती पातेलं राउटरशेजारी ठेवते. सांडलं तर काय, हे मी दोनदा सांगून पाहिलं, सोडून दिलं.

तर आमच्या घरात हे असंच चालत आलंय, वस्तू आणणारा वेगळा आणि ती ज्याला खरी समजते तो वेगळा.

गिझरचंच घ्या. सकाळी उठल्याबरोबर गरम पाणी तयार हवं म्हणून मी स्मार्ट प्लग आणला, फोनवरून चालू-बंद होणारा. आणला तो सहा अँपिअरचा, कारण स्वस्त होता आणि मी वाचलं नव्हतं. गिझरची पिन जाडी, ती त्यात बसेना, मग तापकीर गल्लीत जाऊन एक कन्व्हर्टर आणला, दुकानदाराने विचारलं कशाला पाहिजे, मी म्हटलं असंच. त्यानेही असंच दिला. आता साधा हिशोब आहे, शाळेतला, 2000 वॅटचा गिझर, 230 व्होल्ट, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपिअर, आणि मी ते सहाच्या बोळातून घुसवत होतो. चौथ्या दिवशी पॅसेजमध्ये जळकट वास. प्लगचं तोंड पिवळं पडून वाकडं झालेलं. सोसायटीचा वायरमन आला, त्याने ते हातात घेऊन माझ्याकडे असं बघितलं की मला दहावीचा निकाल आठवला. "शिकलेले ना तुम्ही?" एवढंच म्हणाला. मग सोळा अँपिअरचा आणला, तेव्हापासून घरात कुठलीही नवीन वस्तू आली की बायको आधी विचारते, "सोळाचं आहे ना?" टूथब्रश आणला तरी विचारते.

तो सोळाचा मी साडेपाचला लावून ठेवलाय. आत रिले असतो, चालू होताना टक् असा आवाज करतो, शांत घरात चांगला ऐकू येतो. आईची खोली पॅसेजच्या तोंडाशीच. सहा महिन्यांनी मला कळलं की ती त्या टक् वर उठते. गजराच्या घड्याळाने छातीत धडधडतं म्हणे, हे बरं आहे, कुणीतरी दार हलकेच लोटल्यासारखं. मी एकदा सुट्टीच्या दिवसासाठी हौसेने वेळ बदलून सातची केली तर ती सातला उठली आणि दिवसभर माझ्यावर नाराज, पूजेला उशीर झाला म्हणून. गिझर नावाची वस्तू त्यात कुठेच नाही बघा.

बायकोला पटवायला मात्र हिशोब लागतो. बीएलडीसी पंखे घ्यायचे होते तेव्हा मी एक्सेल केलं होतं. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, हा 30, वाचले 45, रोज बारा तास चालला तर अर्ध्या युनिटच्या वर, वर्षाला दोनशेच्या आसपास युनिट, युनिट आठ रुपये धरलं तर सोळाशे, पंखा तीन हजारांचा, म्हणजे दोन वर्षांत पैसे वसूल. तिने चहा पिता पिता सगळं नीट वाचलं आणि म्हणाली, "थंडीत पण बारा तास लावणार आहेस का?" मग आठ महिने धरले, ते झालं तीन वर्षं. तरी घेतले. (कारण मला रिमोट हवा होता. हे एक्सेलमध्ये नव्हतं.)

रिमोट आठवड्यात हरवला. सापडला, परत हरवला. सोफ्याच्या फटीत, उशीच्या अभ्र्यात, एकदा तर कणकेच्या डब्याशेजारी. मी त्यावर उपाय म्हणून दुसरं यंत्र शोधत होतो, जे टाळी वाजवली की हरवलेल्या वस्तूला शिट्टी वाजवायला लावतं, बघून ठेवलं होतं, ऑर्डर करणार तेवढ्यात एके दिवशी पाहतो तर रिमोट आईच्या दिवाणाच्या लाकडी कठड्याला परकराच्या नाडीने बांधलेला. दोन गाठी. मान उचलावी लागत नाही, हात लांबवला की पंखा. हॉलमधला रिमोट पण तिने तसाच बांधून दिला. दिसायला वाईट दिसतं, आल्यागेल्याला मी काहीतरी सांगतो, पण दोन वर्षांत हरवलेला नाही.

आता परत रोबोट. त्याच्याबद्दल मावशींचा पहिल्या आठवड्यातला प्रश्न असा होता, "दादा, ह्याच्या आधी मी झाडू का ह्याच्यानंतर?" आणि प्रश्न अगदी बरोबर होता कारण तो फिरायच्या आधी खुर्च्या उचला, वायरी गुंडाळा, गालिचाची झालर आत मुडपा, एवढं आवरल्यावर झाडायला राहतं काय. पण दिवाणाखाली मात्र तो जातो, जिथे मावशींची कंबर जात नाही, आणि एकदा त्याच्या कचऱ्याच्या डब्यात बायकोच्या कानातल्याची फिरकी निघाली, सोन्याची, चार महिन्यांपूर्वी हरवलेली. तेव्हापासून डबा रिकामा करायचं काम बायकोने स्वतःकडे घेतलंय. मावशी त्याला पोरगं म्हणतात. "आज पोरगं झोपलंय का?"

मी त्या काळ्या पट्टीवर पांढरी टेप चिकटवली. सरळ, स्केल लावून. पोरगं आलं, टेपवरून निःशंक स्वयंपाकघरात शिरलं आणि मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आलो तर टेप निघालेली, गोळा करून कचऱ्यात. आई खाली पेपर पसरून गहू निवडत बसली होती सकाळी, हा आला आणि निवडलेले, न निवडलेले सगळे सारखेच समजून मूठभर खाऊन गेला. "नको रे तो आत," ती म्हणाली, "बाहेर होता तेच बरं होतं."

मी म्हटलं काही काळजी करू नको, ॲपमध्ये सोय आहे, नकाशावर लाल रेघ मारली की तो ती ओलांडत नाही. बसलो. आधी अपडेट मागितलं, ते झालं, मग नकाशा पुसला गेला, मग पूर्ण घर परत एकदा फिरवून नकाशा बनवला, मग रेघ मारली ती बाथरूमच्या दारात पडली, ती सरकवून आणली. चाळीस मिनिटं. खरं सांगतो, मजा आली. शेवटी तो दारापर्यंत गेला, थबकला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, परत फिरला.

आई शेजारी बसून सगळं बघत होती.

"टेप तर मी काढलीच होती," ती म्हणाली. "मग आता हा तुझ्या रेघेला घाबरला, का त्या काळ्या पट्टीला?"