आधार कार्डावरचं गाव

शनिवारी सकाळी रत्नागिरी स्टेशनबाहेर दोन तऱ्हेची माणसं उतरलेली दिसतात. एक म्हणजे गोल टोपी आणि गॉगलवाली. ती रिक्षावाल्याला गणपतीपुळ्याचं भाडं विचारतात आणि ऐकून दोन पावलं मागे सरकतात. दुसऱ्यांच्या पाठीवर सॅक असते आणि सॅकच्या अर्धवट चेनमधून बॅटची मूठ बाहेर आलेली असते. त्यांना भाडं विचारावं लागत नाही. उलट रिक्षावालाच विचारतो, "कुणाबरोबर आहे आज?"

गेली बावीस वर्षं मी स्वतःला दुसऱ्या तऱ्हेत मोजत आलोय.

ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी सॅक दिसली की लोक म्हणतात, "कोकण? मजा आहे बुवा. समुद्र, मासे, झोप." मी हो म्हणतो. वाडीच्या टेनिस बॉलच्या संघासाठी मी साडेतीनशे किलोमीटर जातो हे सांगितलं, तर पुढची दहा मिनिटं खुलासे करण्यात जातील. समुद्र आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे, पण गेल्या पाच खेपांत मी तिकडे फिरकलेलो नाही. मासे मात्र होतात. झोपेचं विचारू नका. तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. हे मला एकदा डबा, बर्थ आणि त्या बर्थवर आधीच झोपलेले एक गृहस्थ सापडल्यावर कळलं. माझी गाडी आदल्या रात्रीच गेली होती. तेव्हा चिपळूणपर्यंत दाराजवळ बसून गेलो आणि सकाळी सलामीला उतरून पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झालो. ज्यांना सलामी म्हणजे काय ते ठाऊक आहे, त्यांना रात्रभर दाराजवळ बसणं किरकोळ वाटेल.

आमचं मैदान सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या कातळाच्या पठारावर आहे. कोकणात क्रिकेट भाताच्या मागून येतं. कापणी आटोपली, सड्यावरचं गवत वाळलं की पोरं कोयत्या घेऊन वर चढतात. खाली सगळा जांभा, काळा पडलेला कातळ. त्यावर लाल माती आणून, पाणी मारून, चोपण्याने चोपून पीच करायचं, खळं करतात तसंच. उक्षीच्या सड्यावर कुणीतरी कधीकाळी दगडात आख्खा हत्ती कोरून ठेवलाय, तो बघायला लोक लांबून येतात. आमच्या सड्यावर आमच्या आधीच्या पिढीने छिन्नीने क्रीज कोरलीय. ती बघायला अजून कुणी आलेलं नाही, पण माती वाहून गेली तरी क्रीज जागेवर असते.

नियम जमिनीप्रमाणे. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागला तर दोन. काजूत गेला तर चार. पाणंदीत उतरला तर सहा, आणि ज्याने मारला त्यानेच जाऊन आणायचा. आंब्याच्या कलमात गेला तर बाद. पाहुण्यांना हा नियम जुलमी वाटतो. ज्याने एप्रिलमध्ये एका षटकाराने हापूसची अख्खी फांदी झोडपलेली आणि त्यानंतर बागवाल्याचं तोंड ऐकलेलं आहे, त्याला नाही वाटत.

या मैदानावर माझी कारकीर्द पगाराच्या उलट दिशेने गेली. पहिल्या नोकरीत सलामीवीर होतो. पगार वाढला तसा तिसऱ्या क्रमांकावर आलो, मग सहाव्या. वजन वाढल्यावर यष्टिरक्षक झालो. डोंबिवलीत स्वतःची जागा घेतली त्या साली बारावा खेळाडू. आणि मॅनेजर झालो त्या वर्षी वाडीने एकमताने मला जर्सीचा प्रायोजक केलं. सतरा जर्स्या, पाठीवर प्रत्येकाचं नाव, बाहीवर माझं.

तरी मी दरवर्षी यादीत नाव द्यायचो. अकरातला एक ऐनवेळी कंपनीत पाळी लागली म्हणून येत नाही, तेव्हा उभा राहायला कुणीतरी लागतंच. गेल्या वर्षी तसाच योग आला. बूट बांधून तयार झालो. आयोजकांच्या टेबलामागे विशीतला एक पोरगा बसला होता. याच्या बारशाचे पेढे मी खाल्लेत.

"काका, आधार कार्ड."

दिलं. त्याने उलटंसुलटं केलं.

"पत्ता डोंबिवलीचा आहे."

मी मैदानाच्या कडेवरून खाली हात दाखवला. "ते कौलारू घर दिसतंय? दोन माडांच्या मध्ये?"

"दिसतंय की. पण कार्डावर दिसत नाही."

स्पर्धेच्या फलकावर ते लिहिलेलंच होतं. रोख रक्कम व आकर्षक चषक, त्याखाली एक गाव एक संघ, त्याखाली आधार कार्ड सक्तीचे, पंचांचा निर्णय अंतिम. हा नियम वाईट नाही. मधल्या काही वर्षांत इतकं झालं होतं की मुंबई-कल्याणची पट्टीची पोरं पैसे घेऊन यायची. सकाळी एका गावाचं नाव पाठीवर, दुपारी दुसऱ्या. त्यावर उपाय म्हणून हा नियम गणपतीतल्या बैठकीत आला तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. जोरात वर केला होता.

माझ्याऐवजी उतरला तो बागेवरच्या नेपाळी राखणदाराचा मुलगा. त्याच्या कार्डावर आमच्या वाडीचं नाव, पोस्ट, तालुका, सगळं ठळक. तो चौदा चेंडूंत एकतीस मारून आला. मला राग आला असता, पण हिशेब मांडून पाहिला. तो वर्षाचे तीनशे दिवस वाडीत असतो, मी फार तर वीस. कलमात चेंडू न जाऊ देण्याची अक्कलही त्याला माझ्यापेक्षा जास्त, कारण कलमं तोच राखतो.

त्या दिवशी मला स्कोअरची वही देण्यात आली. ती आजतागायत माझ्याकडे आहे.

घरी आल्यावर वाटलं, वाडी नाही तर नाही, आपली आख्खी रत्नागिरी आहे. महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा त्यात रत्नागिरी जेट्स नावाचा संघ निघाला. नाव वाचूनच मी त्यांचा झालो. सामने सगळे पुण्याजवळ गहुंज्याला, म्हणजे रत्नागिरीने घाट चढून जायचं आणि घरचं म्हणून खेळायचं. मुंबईतल्या कोकणी माणसाला यात नवीन काही नाही. अंतिम सामना कोल्हापूरशी होता. जून अखेरचे दिवस. पाऊस लागला तो लागलाच, राखीव दिवशीही थांबला नाही. साखळीत रत्नागिरी पहिली होती म्हणून करंडक रत्नागिरीला. मित्रांनी खूप चिडवलं, पण पावसाने हातावर ठेवलेलं घ्यायला आम्हाला संकोच वाटत नाही. भातही तोच देतो. पुढच्या वर्षी नाशिकला हरवून पुन्हा आम्हीच जिंकलो, तेव्हा चिडवणारे गप्प. कर्णधार दोन्ही वेळा अझीम काझी. आणि त्या संघात कुणी कुणाला आधार कार्डावर रत्नागिरी आहे का विचारल्याचं ऐकिवात नाही.

रणजीचा घोळ आणखी निराळा. कागदावर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे येतात. म्हणजे आमचा संघ महाराष्ट्र. महाराष्ट्राने रणजी करंडक दोनदा जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१ साली, कर्णधार दि. ब. देवधरांच्या कारकिर्दीत. त्यानंतर नाही. सावंतवाडीचा निखिल नाईक याच संघातून पुढे आला आणि आयपीएलपर्यंत पोहोचला, त्याचं आम्हाला कौतुक आहेच. पण वाडीत पारावर बसलेला माणूस "आपण" म्हणतो ते मुंबईला. २०२४ मध्ये मुंबईने वानखेडेवर विदर्भाला हरवून बेचाळिसावा करंडक घेतला, तेव्हा आमच्याकडे फटाके वाजले. पुण्याच्या संघटनेने ते मनाला लावून घेऊ नये. मुंबईच्या जुन्या संघांची यादी मोठ्याने वाचून बघा, एसटीच्या पाट्या वाचल्यासारखं वाटतं. तेंडुलकर म्हटलं की कुडाळजवळचं तेंडोली. वेंगसरकर तर जन्मले राजापुरात. गावस्करांचं मूळ वेंगुर्ल्याकडे. एवढी गावं आडनावात बांधून मुंबईला नेली, तर तो संघ परका कसा म्हणायचा? चाकरमान्यांचाच संघ तो. फक्त त्यांना कुणी वही दिली नाही.

बायको रोह्याची. तिच्या माहेरी क्रिकेट हा कबड्डीला जागा मिळेपर्यंत खेळायचा खेळ आहे. तिचा संघ प्रो कबड्डीतला यू मुंबा. २०१५ साली ते जिंकले तेव्हापासून ती पुढच्या करंडकाची वाट बघतेय, आणि २०२४ मध्ये पुणेरी पलटण जिंकली तेव्हा आमच्याकडे दोन दिवस नुसतं वरण-भात झालं. ती माझ्याबरोबर गावी येते, पण सड्यावर चढत नाही. म्हणते, त्यात अंगाला माती कुठे लागते?

तर आता मी गुणलेखक म्हणून संघाबरोबर फिरतो. गेल्या डिसेंबरात खाडीपलीकडे, गुहागरच्या बाजूला स्पर्धा होती. जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरायचं, दोन टेम्पो, चार दुचाक्या, किट बॅग आणि जेवणाचे डबे घेऊन. उपांत्य सामना रेंगाळत रेंगाळत संध्याकाळी सुरू झाला. तीन षटकं झाली आणि आमच्या कप्तानाने घड्याळ बघितलं. शेवटची बोट चुकली तर भातगावच्या पुलावरून वळसा, आणि घरी पोचायला मध्यरात्र. त्याने बॅट हलवून सगळ्यांना खूण केली. त्यापुढचा आमचा डाव मी वहीत फार सुबक लिहिलाय, कारण लिहायला फारसं काही नव्हतं. प्रत्येकाने पहिल्या चेंडूपासून बॅट फिरवली. समालोचक आमच्या धाडसाचं वर्णन करताना थकला, "काय ही निर्भय वृत्ती, काय हा बेदरकारपणा!" आणि त्याच दमात म्हणाला, "एमएच बारा पासिंगची पांढरी गाडी ज्यांची असेल त्यांनी रोलरच्या वाटेतून काढावी." आम्ही हरलो आणि धावत धक्क्यावर पोचलो. बोटीवर पुण्याचं एक कुटुंब सूर्यास्ताचे फोटो काढत होतं. आमच्या जर्स्या बघून त्यातल्या आजींनी कौतुकाने विचारलं, "जिंकलात का रे?"

"बोट मिळाली," कप्तान म्हणाला.

या मे महिन्यात आमच्याच सड्यावर प्रकाशझोतातली स्पर्धा झाली आणि वाडी अंतिम सामन्यात पोचली. रविवार रात्र. सोमवारी मला ऑफिसात कसली तरी बैठक होती, म्हणून कोकणकन्येचं तिकीट काढलेलं. पहिला डाव आमचा, आठ षटकं. मी वही लिहिली. षटकाराला शंभर रुपये, झेलाला पन्नास, कुणाकडून तरी एक कोंबडा, हेही समासात टिपलं. डाव संपला तसे मान्यवरांचे सत्कार सुरू झाले. पहिला नारळ दिला तेव्हा मी बसलेलो होतो. सहावा दिला तेव्हा रिक्षावाल्याने खालून हॉर्न मारला. वही चुलतभावाकडे दिली आणि निघालो. मागून लाऊडस्पीकर ऐकू येत होता. विजयासाठी त्रेसष्ट.

गाडीत खिडकीजवळ बसून फोन लावला. पोरं सामना यूट्यूबवर दाखवतात, एक मोबाईल बांबूला बांधून. चित्रात निम्मी गर्दीची डोकी, पण आवाज स्वच्छ. सातवं षटक संपलं तेव्हा त्यांच्या पंचावन्न झाल्या होत्या. भोके स्टेशन गेलं. शेवटचं षटक टाकायला कोण येतोय ते दिसेना, आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटर. कोकण रेल्वेवरचा हा सर्वात लांब बोगदा. त्याच्या लांबीचं मी आजवर पाहुण्यांना कौतुक सांगत आलो होतो.

बाहेर पडलो तेव्हा उक्षीचा काळोख होता. फोन एकदम थरथरायला लागला. नऊ मिस्ड कॉल, सगळे चुलतभावाचे, आणि एक मेसेज. ते बासष्टवर थांबले. बरोबरी झाली म्हणून सुपर ओव्हरची तयारी चाललीय, पण वहीत आपले बासष्ट आहेत की त्रेसष्ट? समालोचकाने बासष्ट वाचलं. दोनला खाली शेपूट दिसतंय. तुझं अक्षर कुणाला लागत नाही. बेरीज दोनदा केली, दोन्ही वेळा वेगळी आली.

मी डोळे मिटून आठवं षटक आठवायला लागलो. पाचव्या चेंडूवर नेपाळ्याने फटका मारला होता, गडग्याकडे. एक पळाले. दुसरी पळाले का? त्याच वेळी तो कोंबडा कुणी जाहीर केला, ते मी समासात लिहीत होतो.

फोन पुन्हा वाजला.

"मिळाला एकदाचा," चुलतभाऊ म्हणाला. मागे माणसांचा गलका, जनरेटरची घरघर. "पंच म्हणतात, ज्याने लिहिलं त्यानेच सांगायचं. थांब हां." कसलीशी खरखर झाली, शिट्टीसारखा एक लांब आवाज आला आणि गलका एकदम थांबला.

"बोल आता. फोन माइकपुढे धरलाय."