मग यात डिझाइन कुठं असतं?

आर्किटेक्ट आहे म्हटलं की लोक विचारतात, 'तुम्ही कुठली इमारत बांधलीत?' मी ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचं काम करतो, तेव्हा खरं उत्तर 'एकही नाही'. मग जरा सांभाळून पुढचा प्रश्न येतो: यात डिझाइन कुठं असतं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

भिंतीला तडा दिसला की तो लगेच बुजवायचा नसतो. त्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवायची. पट्टी फुटली तर भिंत अजून हलतेय. निदान सगळे ऋतू तरी जाऊ द्यावे लागतात, आणि नेमकं हेच मालकांना पटत नाही.

बाकी बहुतेक दुखणी पाण्याची. तुंबलेली पन्हळ, फुटलेलं कौल, आणि कुणीतरी चांगल्या हेतूनं थापलेलं सिमेंट! चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, लोणा लागतो, विटांचे पोपडे सुटतात. म्हणून कितीतरी कामांची सुरुवात आधीची दुरुस्ती काढून टाकण्यानं होते.

याचं सर्वांत महागात पडलेलं उदाहरण अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराचं. प्राचीन ग्रीकांनी संगमरवराचे दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडले होते, पण त्या पट्ट्यांभोवती शिसं ओतलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस या अभियंत्यानं डागडुजी केली तेव्हा लोखंड वापरलं, शिसं मात्र ओतलं नाही. लोखंड गंजलं, गंजून फुगलं आणि त्यानं दगडच फोडले. 1975 साली नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली ते लोखंड काढून टायटॅनियम बसवण्याचं काम सुरू झालं. माझ्या मते डिझाइन आहे ते इथं: कुठला धातू, कुठला चुना, आणि उद्या कुणाला तो जोड सोडवायचा झाला तर दगड न फोडता सुटेल का.

'मूळ होतं तसं करून द्या' या मागणीची मला धास्तीच वाटते. मूळ म्हणजे कधीचं? 2019 च्या आगीत कोसळलेला पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचा मनोरा मध्ययुगीन नव्हता, व्हिओले-ल-द्यूक या आर्किटेक्टनं 1859 मध्ये उभारलेला होता. तो पुन्हा तसाच बांधला, हे मला योग्य वाटतं, कारण त्याची पक्की नोंद हाताशी होती. नोंद नसेल तिथं मी हात आवरतो. जिथं अंदाज सुरू होतो तिथं जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असं 1964 ची व्हेनिस सनद, म्हणजे वास्तूजतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, सांगतेच.

काम संपल्यावर जाडजूड अहवाल लिहायचा: कुठला दगड बदलला, चुन्याचं मिश्रण काय होतं, कशाला हात लावला नाही आणि का. पुढं येणारा आर्किटेक्ट तो वाचेल आणि निम्म्या पानांवर माझ्याशी भांडेल. भांडू दे.