टाचदुखीची नोंद: शनिवारचा व्यायाम आणि सोमवारची सकाळ

आज सोमवार, ५ डिसेंबर २०२२. मुंबई मॅरेथॉनला ४१ दिवस उरले आहेत. काल ३० किलोमीटर पूर्ण झाले आणि आज पहाटे पलंगावरून उतरून उजवी टाच फरशीवर टेकवली, तेव्हा दुखण्याचा आकडा दहापैकी दोन होता. ज्यांनी २० नोव्हेंबरच्या २९ किलोमीटरांची माझी नोंद वाचली आहे, त्यांना या दोनचे मोल वेगळे सांगायला नको. त्या दिवशी चोविसाव्या किलोमीटरला टाचेच्या आतल्या बाजूला सुरी फिरल्यासारखी कळ आली, शेवटचे पाच किलोमीटर मी लंगडत काढले आणि दुसऱ्या सकाळी आकडा सहा होता. भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जाताना, या वर्षी नाव मागे घ्यावे, असे मी जवळजवळ ठरवले होते.

ते घेतले नाही, कारण ही शर्यत माझ्या मनात फार दिवसांपासून आहे. जानेवारी २०२० मध्ये मी पेडर रोडच्या कडेला उभी राहून धावणाऱ्यांना संत्र्याच्या फोडी वाटल्या होत्या आणि पुढच्या वर्षी आपण रस्त्याच्या या बाजूला नसू, असे स्वतःला बजावले होते. पुढची दोन वर्षे करोनामुळे शर्यतच झाली नाही. आता १५ जानेवारीला ती पुन्हा होते आहे, आणि नेमक्या याच वर्षी ऑगस्टपासून टाच मागे लागली आहे.

आता मूळ विषयाकडे येते. १२ सप्टेंबरपासून मी जो जड भाराचा व्यायाम करते आहे, त्याची पद्धत आधीच्या नोंदींत आली आहे, म्हणून येथे थोडक्यात सांगते: जिन्याच्या पायरीच्या कडेवर एका पायावर उभे राहायचे, बोटांखाली कापडाची गुंडाळी ठेवायची, तीन सेकंदांत टाच वर न्यायची, दोन सेकंद थांबायचे, तीन सेकंदांत खाली आणायची, आणि हे दिवसाआड करायचे. डेन्मार्कचे फिजिओथेरपिस्ट मायकेल राथलेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांवर केलेला या व्यायामाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनंतर तळवा ताणण्याचा व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा या गटाची टाच स्पष्टपणे बरी होती. मात्र वर्षभरानंतर दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. सप्टेंबरमध्ये माझ्या हाताशी वर्ष नव्हते, चार महिने होते, म्हणून मी हाच मार्ग धरला. बारा आवर्तनांनी सुरुवात केली, पुढे दहावर आले, आणि आता पाच-पाच किलो तांदळाच्या दोन पिशव्या पाठीवरच्या सॅकमध्ये घालून आठ आवर्तने करते.

व्यायामाचा गुण येत होता, यात शंका नव्हती. तरीही मधूनच एखादा सोमवार असा उगवत असे की सगळी कमाई वाहून गेल्यासारखी वाटे. त्याचे कारण शोधण्यात माझे दोन महिने गेले, आणि या काळात प्रत्येक वाईट सोमवारला मी वेगळा आरोपी शोधून दिला होता. २६ सप्टेंबरला वाटले की व्यायाम अजून नवा आहे. १० ऑक्टोबरला आदल्या रात्रीची कोजागरी आठवली. गच्चीवर दोन तास अनवाणी उभे राहिल्याचा तो परिणाम असणार, असे मी लिहून ठेवले. ७ नोव्हेंबरला दोष नव्या बुटांना दिला. २१ नोव्हेंबरला, अर्थातच, २९ किलोमीटर अंतराला. चारही कारणे पटण्यासारखी होती, म्हणूनच त्यांच्यामागचे एक समान कारण मला दिसले नाही.

गेल्या शुक्रवारी रात्री मी वहीतले सगळे रविवार एका कागदावर एकाखाली एक उतरवले. ९ ऑक्टोबरला १८ किलोमीटर धावले आणि सोमवारचा आकडा सहा होता. १६ ऑक्टोबरला २० किलोमीटर धावूनही तीन. ३० ऑक्टोबरला २४ किलोमीटर आणि तीन. ६ नोव्हेंबरला फक्त २० आणि पाच. १३ नोव्हेंबरला २६ आणि दोन. मग २० नोव्हेंबरला २९ आणि सहा. २७ तारखेला अंतर मुद्दाम १८ वर आणले, तेव्हा दोन. म्हणजे दोष अंतराचा नव्हता, कारण कमी अंतरानंतर जास्त आणि जास्त अंतरानंतर कमी दुखल्याची उदाहरणे समोरच होती. एक रविवार चांगला आणि एक वाईट, अशी मात्र सरळ पाळी लागलेली दिसत होती. २३ ऑक्टोबरला दिवाळीमुळे लाँग रन, म्हणजे रविवारची लांब पल्ल्याची धाव, झाला नाही, आणि पाळीप्रमाणे तो वाईटाचाच रविवार होता. त्यामुळे मध्ये खंड पडला आणि ही पाळी माझ्या नजरेतून निसटली.

आठवड्याआड माझ्या आयुष्यात काय घडते, हा प्रश्न एकदा नीट विचारल्यावर उत्तर सापडायला पाच मिनिटेही लागली नाहीत. आठवड्याचे दिवस सात, म्हणजे विषम. दिवसाआड केलेला व्यायाम एका आठवड्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी येतो, तर पुढच्या आठवड्यात मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी. १२ सप्टेंबरपासून मोजत गेल्यास २४ सप्टेंबर, ८ ऑक्टोबर, २२ ऑक्टोबर, ५ नोव्हेंबर आणि १९ नोव्हेंबर या शनिवारी व्यायाम येतो, आणि दिवाळीचा सोडला तर यांतल्या प्रत्येक शनिवारनंतरचा सोमवार वाईट होता. उरलेल्या आठवड्यांत व्यायाम रविवारी संध्याकाळी, धावून झाल्यावर होत असे, आणि ते सोमवार चांगले गेले. मी तारखांची शिस्त इतक्या काटेकोरपणे पाळली होती की त्या तारखेला वार कोणता आहे, हे एकदाही पाहिले नाही.

कारण समजून घ्यायचे तर तळपायाचा पट्टा, म्हणजे प्लँटर फॅशिआ, कसा चालतो ते डोळ्यांसमोर आणावे. तो टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या मुळांशी पोहोचतो. बोटे वर वळली की विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा तो बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या टोकांभोवती गुंडाळला जातो, ताणला जातो आणि पायाची कमान उचलतो. शरीररचनेचे अभ्यासक हिक्स यांनी १९५४ मध्ये हीच रहाटाची उपमा देऊन ही रचना मांडली. व्यायामात बोटांखाली गुंडाळी ठेवतात ती यासाठीच, की भार पोटरीपुरता न राहता या पट्ट्यापर्यंत पोहोचावा. पण अशा तंतुमय ऊतींना जड भारानंतर सावरायला दिवस-दीड दिवस लागतो. शनिवारी संध्याकाळी सातला पट्ट्यावर पूर्ण भार टाकून रविवारी पहाटे साडेपाचला त्याच पट्ट्याकडून हजारो पावले मागणे, हा माझा खरा प्रमाद होता. औषध योग्य होते, ते देण्याची वेळ चुकीची होती.

३ डिसेंबर हा पुन्हा व्यायामाचा शनिवार होता. तो मी सोडला आणि काल खडकवासला धरणावरून पुढे पानशेत रस्त्याने जाऊन परत असे ३० किलोमीटर केले. चोविसावा किलोमीटर जवळ आला तेव्हा श्वासापेक्षा टाचेकडेच लक्ष अधिक होते. पंचवीस गेला, सव्वीस गेला. अठ्ठाविसाव्याला हलकी जाणीव झाली, दोनच्या आसपास, आणि ती तेवढीच राहिली. शेवटचा किलोमीटर ६ मिनिटे ३८ सेकंदांत झाला, आणि तो पूर्ण झाल्यावर मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मीठ लावलेले खजूर आणि इलेक्ट्रॉल यांवर पोटानेही तक्रार केली नाही, त्यामुळे धावताना ऊर्जेसाठी घेतात त्या पाकिटातल्या जेलऐवजी काय खायचे, हा प्रश्नही माझ्यापुरता सुटला.

एका रविवारावरून निष्कर्ष काढू नये, हे मला मान्य आहे. शिवाय काल आणखी एक गोष्ट बदलली होती: धावून परतताना गाडीत चाळीस मिनिटे पाय आखडून बसल्यावर मी अनवाणी उतरत असे, ते काल टाळले आणि पिशवीत ठेवलेली जाड तळाची चप्पल घातली. आपल्याकडे घरात अनवाणी वावरण्याची सवय असते, आणि आमच्या घरी तर शहाबादी फरशी आहे. टाचदुखीवरचे बहुतेक परदेशी सल्ले घरातही पायांत काहीतरी असतेच असे गृहीत धरून लिहिलेले असतात, त्यामुळे ही बाब त्यांत क्वचितच येते. स्वयंपाकघरात चप्पल घालायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी सासूबाईंनीच विषय काढला. त्यांनी स्वतः अनेक वर्षे टाचदुखी सोसली आहे. “घरातल्यापुरती वेगळी कोरी चप्पल आण, देवघरात जाताना काढत जा, बाकी घरभर घाल,” असे त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःसाठीही तशीच मागवली.

साधनांबद्दल थोडे. बोटांखाली जाड टॉवेल ठेवणाऱ्यांनी तो सोडून सुती पंचा घट्ट गुंडाळून पाहावा. तो पायरीवर घसरत नाही आणि त्याची उंची व्यायामभर सारखी राहते. टाचेखालच्या सिलिकॉनच्या कपांचा मला चालताना उपयोग झाला, धावताना मात्र पाय बुटात वर उचलला जाऊन टाच सैल पडते. ज्या दुकानाने मला ऑक्टोबरअखेर “नैसर्गिक धावण्यासाठी” म्हणून सपाट तळाचे बूट दिले, त्याने माझी टाच दुखते हे ऐकूनही पोटरीवर त्यामुळे वाढणाऱ्या ताणाचा उल्लेख केला नाही, याचे मला वाईट वाटते. टाच पंज्यापेक्षा दहा मिलिमीटर उंच असलेल्या जुन्याच जोड्यावर मी परतले आहे. क्ष-किरण चित्रात “हाड वाढले आहे” असे ऐकून घाबरलेल्या दोघांनी मला विचारले होते. तसे वाढलेले हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांतही आढळते, एवढे नक्की सांगते. स्टिरॉइडचे इंजेक्शन मी घेतले नाही, कारण त्याने पट्टा तुटण्याचा धोका असतो आणि शर्यतीच्या तोंडावर तो मला पत्करायचा नाही.

पुढचा बेत असा होता की व्यायाम सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या वारांना बांधून टाकायचा. परंतु हे लिहिता लिहिताच लक्षात येते आहे की चांगल्या आठवड्यांत तो रविवारी संध्याकाळी होत होता, म्हणजे कष्टाचे दोन्ही भार एकाच दिवशी पडून पुढचा दिवस मोकळा मिळत होता. शुक्रवारी केला तर रविवारपर्यंत एकच पूर्ण दिवस मिळतो. तेव्हा रविवार संध्याकाळ, मंगळवार आणि गुरुवार हेच वार ठरवते. वहीत आता तारखेशेजारी वारही लिहीन. शेवटचा जड व्यायाम गुरुवार, ५ जानेवारीला. जुन्या पद्धतीने मोजत राहिले असते तर तो नेमका १४ जानेवारीला, शर्यतीच्या आदल्या दिवशी आला असता, हे आत्ताच मोजून पाहिले आणि अंगावर काटा आला.

दुसरा बदल वेगाचा. ६ मिनिटे ४५ सेकंदांनी सलग धावून ४ तास ४५ मिनिटांत पोहोचायचे, असे ठरले होते. आता अमेरिकेचे ऑलिम्पिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी रूढ केलेली धाव-चालीची पद्धत पहिल्या किलोमीटरपासून वापरावी, असे वाटू लागले आहे: नऊ मिनिटे त्याच वेगाने धावायचे, एक मिनिट झपझप चालायचे. चालण्याचा वेग किलोमीटरला दहा मिनिटे धरला तर सरासरी जवळजवळ सात मिनिटे येते आणि एकूण वेळ ४ तास ५५ मिनिटांच्या आत राहतो. दहा मिनिटांच्या मोबदल्यात टाचेला जवळजवळ तीस वेळा विसावा मिळणार असेल, तर ते मला मंजूर आहे. परतीच्या वाटेवर, ३५ किलोमीटर उलटून गेल्यावर येणारा पेडर रोडचा चढ मात्र मिनिटे न मोजता पूर्ण चालायचा, कारण चढावर पोटरी आणि तळवा दोन्ही अधिक ताणले जातात. येत्या रविवारी ठरवलेले ३२ किलोमीटर याच पद्धतीने करेन. त्यानंतरच्या सोमवारी आकडा तीनच्या वर गेला, तर पुढचा लांब पल्ला शनिवार-रविवारी विभागून वेताळ टेकडीच्या मातीवर करावा लागेल.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. शर्यतीच्या दिवशीच संक्रांत आहे, म्हणजे आदल्या दिवशी भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची मिसळीची भाजी यांत तंतुमय पदार्थ इतके असतात की दुसऱ्या पहाटे पाच वाजता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभे राहणाऱ्या पोटाला ते झेपणार नाही. मुंबईला मावशीकडे उतरणार आहे आणि तिने भोगीचा बेत आत्ताच कळवला आहे. नैवेद्यापुरता एक घास घेऊन वरणभात जेवायचा, हे तिला आज संध्याकाळी, व्यायामाच्या आधी, फोन करून सांगणार आहे. नाही, व्यायाम उद्या, आज सोमवार.